जुना ऑर्गन दुरुस्त करताना आधी काय करायचं?

पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन आपल्याला संगीत नाटकांमुळे माहीत आहे. बालगंधर्वांच्या गाण्याला त्याची साथ असायची. असं शंभर वर्षांचं वाद्य दुरुस्तीला घेतलं की पेच पडतो: ते वाजतं करायचं, की त्यात साठलेली माहिती जपायची?

आधी रचना बघू. प्रत्येक सुराला पितळेची एक रीड असते, म्हणजे एका टोकाला घट्ट बसवलेली पातळ जीभ. पेटीचा भाता हवा रीडमधून बाहेर ढकलतो. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनचा भाता मात्र हवा आत ओढतो. त्या हवेने जीभ थरथरते आणि सूर लागतो.

एखादा सूर बोलत नसेल तर बऱ्याचदा जिभेपाशी धूळ अडकलेली असते. रीड काढा, मऊ ब्रशने झाडा, परत बसवा. नुकसान काहीच नाही. भात्याचं कापड फाटलं असेल तर बदलावंच लागतं, पण ते सरसाने चिकटवायचं. सरस गरम पाण्याने सुटतो, त्यामुळे पुढच्या माणसाला आपलं काम उलटवता येतं.

खरी अडचण ट्यूनिंगची. जिभेचं मोकळं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. दोन्हीकडे धातू जातो तो कायमचा. आणि सूर हा पुरावा असतो! फ्रान्सने १८५९ मध्ये 'ला' हा स्वर ४३५ हर्ट्झवर बांधला. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये तो ४५२ च्या आसपासही असे. आज ४४० चालतो. सगळ्या रीड्स घासून ४४० ला आणल्या तर वाद्य आजच्या साथीला चालेल, पण ते मुळात कुठल्या पट्टीत होतं हे कळायची सोय राहणार नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी धूळ आणि भाता, कारण हवेचा दाब कमीजास्त झाला तर सूरही किंचित हलतो. मग प्रत्येक रीड मोजायची. एकाच रीडवर विसंबू नका, ती आधी कुणी घासलेलीही असेल. बहुतेक रीड्स एकाच बाजूला सरकलेल्या दिसल्या तर ती जुनी पट्टी असण्याची शक्यता जास्त. विस्कळीत दिसल्या तर झीज किंवा आधीची दुरुस्ती. कानस हातात घ्यायची की नाही, हे त्यानंतर ठरवा.

तुमचा विषय कुठलाही असो, कामाची यादी करताना प्रत्येक पायरीपुढे एक प्रश्न लिहा: हे उलटवता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर त्याआधीची नोंद पूर्ण झाली आहे ना, ते तपासा.