गाडीतील हवा आणि एक चुकलेले निदान

गेली अठरा वर्षे दर मंगळवारी मी निपाणीहून बेळगावला ओपीडीसाठी जातो. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, काकती ही वाट आता डोळे मिटूनही सांगता येईल. बहुतेक वेळा पत्नी बरोबर असते. तिचे माहेर टिळकवाडीत आहे. तिला लहानपणापासून दमा आहे आणि पन्नाशीनंतर मधुमेहाचीही त्यात भर पडली.

दोन हिवाळ्यांपूर्वी असे होऊ लागले की गाडी घाटाला लागते न लागते तोच तिला ठसका लागे. संकेश्वर येईपर्यंत छाती भरून येई. घाटातला गार वारा, थंडीचे दिवस, वय अशी कारणे माझ्यापाशी तयार होती. इन्हेलरचा डोस वाढवला. तेवढ्याने भागेना, तेव्हा पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या. उपाशीपोटीची साखर १३० वरून २२० वर गेली. मग मधुमेहाचे औषध वाढवले. एका औषधाने दुसऱ्याला हाक मारावी, तसे चालले होते.

"अहो, घरी मला काही होत नाही. गाडीत बसले की होते," असे ती दोनदा म्हणाली. एखाद्या रुग्णाने हे सांगितले असते तर मी केसपेपरवर लिहून त्याखाली रेघ ओढली असती. घरच्या माणसाची हिस्टरी मात्र आपण डॉक्टर मंडळी क्वचितच नीट घेतो. पुढे एका मंगळवारी मला काही कामासाठी कोल्हापूरला जावे लागले आणि ती एकटीच बसने बेळगावला गेली. उघड्या खिडकीशी बसून, रस्त्याची सारी धूळ खात गेली. पण खोकली नाही. संध्याकाळी तिने पीक फ्लोची वही माझ्यापुढे ठेवली. बोलली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेली. मेस्त्रींनी समोरचा सामानाचा कप्पा उतरवून आतून एक चौकट ओढून काढली. मूळची पांढरी घडीदार जाळी तपकिरी-काळी झाली होती. घड्यांत पालापाचोळा, केस आणि तंबाखूची बारीक भुकटी ठासून भरली होती. एका कोपऱ्यात उंदराने कागद कुरतडून घरटे केले होते. "डॉक्टर, ह्यो कवा बदललाय?" त्यांनी विचारले. गाडीला चार वर्षे झाली होती. सर्व्हिसिंगची बिले मी जपून ठेवली होती, पण त्यांत हा फिल्टर बदलल्याची एकही नोंद नव्हती आणि मीही कधी पाहिले नव्हते. असा काही भाग गाडीत असतो हेच मला ठाऊक नव्हते. आधीच्या मारुती ८०० मध्ये तो नव्हताच.

गाडीत हवेचे फिल्टर दोन असतात. एक इंजिनासाठी, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा आत बसणाऱ्या माणसांसाठी. समोरच्या काचेखालील जाळीतून बाहेरची हवा आत येते, या फिल्टरमधून गाळली जाते आणि ब्लोअर ती आपल्या तोंडावर सोडतो. परागकण साधारण १० ते १०० मायक्रॉनचे असतात; ते आणि जाड धूळ साधा फिल्टरही अडवतो. कोळशाचा थर असलेला फिल्टर वास आणि काही वायू शोषतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र दोन्हींतून सुटतो, म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसी लावून बसणे घातकच.

माझी गाडी दिवसभर दवाखान्यासमोर, तंबाखूच्या वखारीच्या भिंतीला लागून उभी असते. शेजारी चाळण चालते, भुकटी त्या जाळीवर बसते. त्या वखारीत दिवसभर तोंडाला पदर बांधून बसणाऱ्या बाया माझ्याच रुग्ण आहेत. त्यांना "काम काय करता?" हे मी न चुकता विचारतो. रुग्णाला हा प्रश्न विचारावा असे इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. त्यात तंबाखूच्या कामगारांवर स्वतंत्र प्रकरणही आहे. तीच भुकटी माझ्या गाडीतून माझ्याच घरच्या छातीत जात होती.

नवा फिल्टर बसवला, तरी कुबट वास राहिलाच. एसीच्या थंड जाळीवर हवेतले बाष्प साचते आणि तिथे बुरशी धरते. बेळगावच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. ती जाळी स्वच्छ करून घेतली. पाणी निघून जाण्याची नळीही तुंबलेली निघाली. दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, उलट पायांखालची चटई ओली होत असेल, तर ही नळी पाहावी. आता मुक्काम येण्याआधी चार-पाच मिनिटे मी एसी बंद करतो आणि नुसता ब्लोअर चालू ठेवतो, म्हणजे जाळी वाळते.

धुळीच्या भीतीने बाहेरची हवा पूर्ण बंद करून बसणेही बरे नाही. बाहेर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या आसपास असतो. काचा लावून आतलीच हवा फिरवत चौघे बसले तर अर्ध्या तासात तो काही हजारांवर जातो. लांबच्या प्रवासात चालकाला येणाऱ्या पेंगेत त्याचाही वाटा असू शकतो. ट्रकच्या मागे सापडलो, की मी तेवढ्यापुरते बटण दाबतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा मोकळे करतो.

फिल्टर धुऊन वापरू नये. कागदाच्या घड्या बसतात आणि त्याची धूळ ओढून धरण्याची शक्ती जाते. जोराची हवा मारूनही तो फाटतो. चौकटीवर बाण असतो. तो हवेच्या दिशेनेच बसवावा. पुस्तिकेत बहुधा वर्षाची किंवा १५,००० किलोमीटरची मुदत दिलेली असते. आपल्या भागात मी ती निम्मी धरतो, एकदा तंबाखूच्या सुगीनंतर आणि एकदा पावसाळा संपल्यावर. किंमत काही शेकड्यांत असते. तेवढ्यात इन्हेलरही येतो.

एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. तिचा दमा गेलेला नाही. थंडीत अजूनही त्रास होतो. पण सहा आठवड्यांत इन्हेलर पूर्वीच्या डोसवर आला, गोळ्यांची पुन्हा गरज पडली नाही आणि साखरही खाली उतरली. फिल्टर बदलण्याची पुढची तारीख तिने पीक फ्लोच्या वहीच्या शेवटच्या पानावर स्वतः लिहून ठेवली आहे. माझ्या आठवणीवर तिचा भरवसा नाही.