गिलाव्यातली भांग

वेरूळच्या लेण्यांत भिंतीवरचा पोपडा जिथे सुटला आहे, तिथे जरा जवळ जाऊन पाहावं. रंग उडालेला असतो, त्याखालचा पांढरा हात पुसट झालेला असतो आणि उघडी पडते ती तपकिरी माती. तिच्या तुटलेल्या कडेतून बारीक काड्या आणि धाग्यांची टोकं डोकावतात. लेण्यांबद्दल चित्रांपासून शिल्पांपर्यंत भरपूर लिहिलं गेलं. चित्रं ज्यावर टिकली, त्या गिलाव्याकडे मात्र फार थोड्यांनी पाहिलं.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात रसायनतज्ज्ञ राहिलेले राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे मिलिंद सरदेसाई यांनी तसं पाहिलं. वेरूळच्या गिलाव्यातले वनस्पतीचे अवशेष त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि जालना जिल्ह्यातून व दिल्लीच्या आसपासहून आणलेल्या ताज्या झाडांशी ताडून पाहिले. झाड निघालं भांगेचं. मिश्रणात त्याचा वाटा साधारण १० टक्के होता. ‘करंट सायन्स’मध्ये २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. देवगिरीच्या किल्ल्यातल्या यादवकालीन बांधकामातही भांग वापरल्याचं त्यांना आढळलं.

मातीत धागा घालायचं कारण कोणताही जुना गवंडी सांगेल. ओली माती वाळताना आकसते आणि तडकते. धागे असले की ताण वाटला जातो, एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या बारीक रेषा पडतात आणि थर भिंतीला धरून राहतो. म्हणून कुणी भुसकट घालतं, कुणी भाताचं तूस, कुणी ताग, कुणी शेण. भांगेच्या खोडाचा धागा चिवट असतो, हवेतला ओलावा शोषून पुन्हा सोडतो आणि त्याला कीड सहसा लागत नाही.

हा शेवटचा गुण किती मोलाचा, हे अजिंठ्यात कळतं. तिथे कारागिरांनी दगडावर छिन्नीचे घाव मुद्दाम खडबडीत ठेवले, म्हणजे माती पकड घेते. त्यावर माती, तूस, गवत आणि झाडपाल्याचे तंतू यांचे थर, वर पातळ पांढरा हात आणि मग चित्र. काम अत्यंत निगुतीचं. पण ते तंतू किड्यांचं खाद्य ठरले. किडे आतून पोखरत गेले, थर पोकळ झाला आणि वरचं चित्र पापुद्र्यासह गळून पडलं. अजिंठ्याची निदान २५ टक्के चित्रं किड्यांनी नासली, असा सिंह यांचा अंदाज आहे. गिलाव्याच्या तपासात तिथे भांग सापडली नाही.

अर्थात अजिंठ्याचा सगळा ऱ्हास एका झाडाच्या अभावावर ढकलणं बरोबर नाही. वाघूर नदीच्या घळीतला दमटपणा, वटवाघळं, पर्यटकांची गर्दी आणि १९२०च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चढवलेला लाखेचा लेप, जो पुढे पिवळा पडला, या सगळ्यांचा त्यात हात आहे. तरीही एवढं खरं की चित्राचं आयुष्य चित्रकाराच्या आधी गिलावा कालवणाऱ्यांच्या हाती होतं. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही, याची खंत वाटते.

पुढच्या काळात वाड्यांना आणि किल्ल्यांना चुन्याचा गिलावा आला. घाणीत दळलेला चुना, वाळू, विटांची भुकटी. त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, कुठे उडदाचं पीठ आणि पुन्हा तागाचे तुकडे. आज अशाच भिंतींवर दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंट थापलं जातं, आणि हे थांबायला हवं. सिमेंटचा थर भिंतीचा ओलावा कोंडून धरतो, क्षार फुलतात आणि मागची वीट भुसभुशीत होते.

नीट दुरुस्ती करायची तर आधी जुन्या गिलाव्याचा एक सुटलेला तुकडा प्रयोगशाळेत जातो. त्यातले धागे चिमट्याने वेचून सूक्ष्मदर्शकासाठी बाजूला काढतात. उरलेला भाग सौम्य आम्लात टाकला की चुना फसफसून विरघळतो आणि वाळू तळाशी राहते. ती धुऊन, वाळवून, चाळून तोलली की मूळ प्रमाण हाती येतं आणि गवंड्याला त्याच मापाने नवा चुना कालवता येतो.