विश्लेषण : उत्तर शिक्षकालाही माहीत नसलेले प्रात्यक्षिक! पहिल्याच वर्षी संशोधन शिकवणारे जीवशास्त्राचे वर्ग कसे चालतात?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातील प्रात्यक्षिकांचे उत्तर आधीच ठरलेले असते. कांद्याच्या मुळाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखायच्या, आकृत्या काढून जर्नल सबमिट करायचे. निरीक्षण जुळले नाही तर सीनियरचे जर्नल असतेच. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांनी मात्र पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकातच खरे संशोधन आणले आहे. त्यातून काय साधले?

‘सी-फेजेस’ काय आहे?

हा अशा अभ्यासक्रमांपैकी सर्वांत गाजलेला. पिट्सबर्ग विद्यापीठातील ग्रॅहम हॅटफुल यांच्या कामावर आधारित हा उपक्रम हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये सुरू केला. फेज म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. ते माणसाला संसर्ग करत नाहीत आणि जवळपास प्रत्येक ठिकाणच्या मातीत सापडतात. त्यातील बहुतेक आजवर कोणीही अभ्यासलेले नाहीत. त्यामुळे नवख्या विद्यार्थ्यालाही नवा फेज सापडू शकतो.

विद्यार्थी नेमके काय करतात?

विद्यार्थी अंगणातली किंवा बागेतली माती आणतात. ती द्रावणात मिसळून अतिसूक्ष्म छिद्रांच्या फिल्टरमधून गाळली जाते. जिवाणू वर अडकतात, फेज खाली उतरतात. हे पाणी ‘मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस’ या क्षयरोगाच्या जिवाणूच्या तुलनेने निरुपद्रवी नातेवाइकासोबत पेट्री डिशमध्ये वाढवतात. जिवाणूंच्या दुधट थरात पारदर्शक ठिपका दिसला, की तिथे फेज आहे असे समजायचे.

पहिल्या सत्रात फेज वेगळा करून त्याचा डीएनए काढला जातो. दुसऱ्या सत्रात संगणकावर त्याची जनुके ओळखली जातात. फेजचे नाव शोधणारा विद्यार्थीच ठेवतो.

या शोधांचा उपयोग झाला का?

२०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एका १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलीच्या उपचारांची माहिती प्रसिद्ध झाली. फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर तिला झालेला जिवाणूसंसर्ग प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. हॅटफुल यांच्या संग्रहातील तीन फेज एकत्र करून तिला देण्यात आले आणि तिची प्रकृती सुधारली. त्यातील ‘मडी’ हा फेज २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्यावर सापडला होता. हा एकाच रुग्णावरचा उपचार होता, व्यापक चाचणी नव्हे. तरीही विद्यार्थ्यांनी जमवलेल्या संग्रहाचे मोल त्यातून दिसले.

विद्यार्थ्यांना काय फायदा होतो?

ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात पहिल्या वर्षापासून तीन सत्रे चालणारा असाच संशोधन उपक्रम आहे. त्यावरील २०१६ च्या अभ्यासात सारख्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांची तुलना करण्यात आली. उपक्रम पूर्ण करणाऱ्यांमध्ये सहा वर्षांत पदवी मिळवण्याची शक्यता ६६ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेली. ती पदवी विज्ञान-तंत्रज्ञान शाखेतील असण्याची शक्यता ७१ वरून ९४ टक्के झाली.

याचे एक कारण संधीच्या वाटपात आहे. एरवी प्रयोगशाळेत जागा मिळते ती प्राध्यापकांकडे जाऊन विचारण्याचे धाडस असलेल्यांना आणि सुट्टीत बिनपगारी काम परवडणाऱ्यांना. संशोधन तासिकेतच आले, की बाकावरच्या प्रत्येकाला ते करावे लागते.

अडचणी काय?

पहिली अडचण अपयशाची. अनेकांना पहिल्या मातीत फेज सापडतच नाही, तर कधी डिशमध्ये बुरशी येते. म्हणून गुण निकालाला न देता नोंदवहीला आणि पुन्हा केलेल्या प्रयत्नाला द्यावे लागतात. दुसरी अडचण शिक्षकांच्या वेळेची आणि तिसरी खर्चाची.

पण प्रत्येक संशोधनाला डीएनए वाचणारी यंत्रे लागत नाहीत. तेच कांद्याचे मूळ गावच्या नाल्याच्या पाण्यात वाढवून पेशीविभाजन मंदावते का, हे तपासता येते. साहित्य जुनेच, प्रश्न मात्र नवा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘क्यूब’ उपक्रमही फळमाशीसारख्या सहज मिळणाऱ्या जिवांवर विद्यार्थ्यांकडून प्रयोग करून घेतो.

आपल्याकडे चित्र काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत ‘ऑनर्स विथ रिसर्च’चा पर्याय आला आहे. मात्र यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के मिळवणाऱ्यांनाच चौथ्या वर्षी तो घेता येतो. म्हणजे आधी गुण, मग संशोधन. टेक्सासचा अनुभव उलटा क्रम सुचवतो. संशोधनाची गोडी लागण्याआधीच ७५ टक्क्यांची चाळणी लावली, तर ती लागू शकली असती असे किती विद्यार्थी बाहेर राहतात, हे कधी कळणारच नाही.