हिरवळीखालचा धंदा

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ म्हणून आपण पाठ फिरवतो. पण मैदान घडवणारे हात कारागिरांचेच असतात. वाळवंटी दुबईत १९८८ साली 'मजलिस' हे हिरवळीचे मैदान खुले झाले. अशा कामाची खरी कसोटी गवताखाली असते. चेंडूच्या खळगीभोवतीची हिरवळ म्हणजे 'ग्रीन'. अमेरिकी गोल्फ संघटनेच्या पद्धतीत तिच्या तळाशी निचऱ्याचे पाइप, त्यावर ४ इंच खडी आणि वर १२ इंच वाळूमिश्रण असते. वाळूत माती जास्त गेली की पाणी तुंबते, मुळे कुजतात आणि सारे पुन्हा उकरावे लागते. म्हणून वाळू-खडी पुरवणाऱ्या बांधवांना आमचे सांगणे एकच : दर देण्यापूर्वी वाळू प्रयोगशाळेत तपासून घ्या. येथे स्वस्त मालच महाग पडतो.