मुलांच्या रानातून बापाच्या रानात

1903 साली बोंड पोखरणाऱ्या सोंडकिड्याने टेक्सासमधल्या कापसावर धाड घातली होती. तेव्हा टेरेल गावच्या एका शेतकऱ्याला कृषी खात्याच्या सीमन नॅप यांनी गळ घातली, की स्वतःच्या रानात स्वतःच्या हाताने नव्या पद्धतीचं पीक घ्यायचं. तोटा आला तर गावकऱ्यांनी जमवलेल्या पैशातून भरून देऊ. तोटा आला नाही. अमेरिकेच्या कृषी विस्तार सेवेचं मूळ या पैजेत आहे.

पण पुस्तकी शेतीला नाक मुरडणारे बाप जागोजागी होते. त्यांच्यापर्यंतची वाट मुलांनी काढली. ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला ए. बी. ग्रॅहॅम या शाळाधिकाऱ्याने 1902 च्या जानेवारीत न्यायालयाच्या तळघरात मुलामुलींचा क्लब भरवला. मक्याचं निवडक बियाणं, मातीची आम्लता तपासायला लिटमस कागद, एवढंच भांडवल. 1910 मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या जेरी मूर या पोराने एका एकरात 228 बुशेल, म्हणजे सुमारे 58 क्विंटल मका काढला. शेजारच्या बापांनी तोंडात बोटं घातली असणार! त्याच वर्षी त्याच राज्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींना एक दशांश एकरात टोमॅटो लावायला आणि डबाबंद करून विकायला शिकवलं.

1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने या सगळ्याला सरकारी छप्पर मिळालं. केंद्र, राज्य आणि काउंटी यांनी खर्च वाटून घेतला. दक्षिणेतल्या राज्यांनी मात्र तो पैसा गोऱ्यांच्या विद्यापीठांकडे वळवला. कृष्णवर्णीयांच्या कृषी महाविद्यालयांना डावललं. या सेवेचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही.

आजही उन्हाळा हाच काउंटीतल्या विस्तार कार्यालयाचा सुगीचा काळ. कुणी कीड लागलेलं पान पिशवीत घालून आणतं, कुणी भाज्या टिकवायच्या प्रेशर कॅनरचा काटा तपासून घेतं. खरी धांदल मात्र काउंटीच्या जत्रेची. ग्रॅहॅम यांच्यासारख्यांच्या क्लबांतून वाढलेल्या आणि चार पानी क्लोव्हरचं चिन्ह मिरवणाऱ्या ‘फोर-एच’ क्लबातली मुलं महिनोन् महिने पोसलेला गोऱ्हा, डुक्कर, मेंढी घेऊन येतात. खाद्य किती, खर्च किती, वजन किती वाढलं, सगळं वहीत. पहाटे जनावर धुवायचं, केस विंचरायचे, रिंगणात फिरवायचं. पोळ्याच्या सकाळी बैल धुणारं आपलं पोर आठवावं; फरक इतकाच, की इथे पुढे लिलाव असतो. गावातला बँकवाला किंवा पेंडवाला बाजारभावापेक्षा चढी बोली लावतो, पैसे मुलाच्या नावे जमा होतात आणि जनावर बहुधा कत्तलखान्याकडे जातं. दाव्याला धरून रडणारी मुलं तिथे कुणाला नवी नाहीत. मला ही रीत निष्ठुर वाटते, पण फसवी वाटत नाही. मांस कुठून येतं, हे त्या मुलांपासून कुणी लपवत नाही.

क्रोमरबाईंच्या मुलींचा एक दशांश एकर म्हणजे आपले चार गुंठे. येत्या खरिपात तेवढं रान घरातल्या लेकीला सोडून पाहा. वाण तिने निवडावं, वही तिने लिहावी आणि पट्टी आली की पैसे तिच्याच हातात द्यावेत.