कडधान्यांचे माप आणि वजन

खेड्यापाड्यांतील स्वयंपाकघरांत कडधान्ये आजही बहुधा मापानेच घेतली जातात. चार वाट्या मूग, दोन शेर मटकी हा हिशेब गृहिणीच्या हाताला सवयीचा असतो व घरच्या माणसांपुरता तो पुरतोही. परंतु जेथे धान्याचे प्रमाण वजनाने ठरवून दिलेले असते, तेथे माप व वजन यांचा मेळ घालणे अगत्याचे होय.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम भरते. यावरून एक लिटर कडधान्यही तेवढेच भरेल, असे पुष्कळजण धरून चालतात. हा समज चुकीचा आहे. मापात दाण्यादाण्यांमध्ये पोकळी राहते व तेथे हवा असते. त्यामुळे वाळलेल्या कडधान्याचे सपाट भरलेले लिटरचे माप सामान्यतः ७०० ते ८५० ग्रॅमच भरते. दाण्याचा आकार, जात व ओलावा यांप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो.

या फरकाचा परिणाम किती होतो, ते शाळेच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलास रोज २० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य द्यावयाचे असते. पहिली ते पाचवीची १२० मुले असल्यास २ किलो ४०० ग्रॅम मटकी लागेल. लिटरच्या मापात ८०० ग्रॅम मटकी मावत असेल, तर तीन मापे घ्यावयास हवीत. लिटर म्हणजे किलो असे समजून सुमारे अडीच मापे घेतली, तर मटकी २ किलोच भरेल व प्रत्येक मुलाच्या वाट्यास १७ ग्रॅमही येणार नाही. धान्य कोठारात शिल्लक राहील आणि मुलांच्या ताटातील प्रथिने मात्र कमी होतील.

हे टाळण्याचा उपाय सोपा आहे. नेहमीच्या वापरातील एकच माप निश्चित करावे. प्रथम ते रिकामे तोलावे. नंतर त्यात कडधान्य ओतून, न हलवता व न ठोकता, काठावरून सरळ पट्टी फिरवून माप सपाट करावे व पुन्हा तोलावे. दोन वजनांतील फरक हे त्या मापातील धान्याचे वजन होय. असे तीन वेळा करून सरासरी काढावी. लागणाऱ्या एकूण ग्रॅमांस या आकड्याने भागले असता किती मापे घ्यावयाची ते कळते.

तीन गोष्टींची दक्षता घ्यावी. शीग लावून भरलेल्या मापाचा अंदाज दर वेळी वेगळा येतो, म्हणून माप नेहमी सपाटच भरावे. प्रत्येक कडधान्याचे व डाळीचे वजन स्वतंत्रपणे काढावे आणि नवा माल आल्यावर ते पुन्हा तपासावे. तसेच मोजणी नेहमी भिजत घालण्यापूर्वी करावी. कारण भिजल्यावर कडधान्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते व तो आकडा कोरड्या धान्यास लागू पडत नाही.

काढलेली वजने एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून कोठीच्या दारावर लावावीत. स्वयंपाकास कोणीही उभे राहिले, तरी मुलांचा वाटा त्यामुळे कमी पडणार नाही.