थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतल्यावर



थायरॉईडची शस्त्रक्रिया करून आलेल्या व्यक्तीला भेटावयास आपण जातो, गळ्यावरची आडवी खूण पाहतो आणि ‘चला, सुटलात’ असे म्हणून निघतो. हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२४ साली. त्याआधीपासून जिल्ह्यातील अनेक रुग्ण मोठ्या उपचारांसाठी नांदेडला जात आले आहेत. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील खेड्यात परतलेला रुग्ण मग शस्त्रवैद्यापासून काही तास दूर असतो. म्हणून घरच्यांना ठाऊक असावे असे काही येथे मांडत आहोत.

ओठांभोवती बधिरपणा व बोटांच्या टोकांना मुंग्या ही तक्रार आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ‘अशक्तपणा आहे’ म्हणून तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. थायरॉईडच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटु ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण त्या सांभाळतात. (लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात रिचर्ड ओवेन यांना त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिसल्या, माणसातील त्यांचे सविस्तर वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रोम यांनी १८८० साली केले.) शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा दुखावला, तर बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत कॅल्शियम उतरते. मुंग्यांपाठोपाठ हाताची बोटे आखडतात. उपचार न झाल्यास झटके येऊ शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत सावरतात. थोड्यांना मात्र कॅल्शियम व ड जीवनसत्त्व कायमचे घ्यावे लागते.

जखमेच्या आत रक्तस्राव होण्याचा धोका मुख्यतः पहिल्या चोवीस तासांत, म्हणजे रुग्णालयात असतानाच असतो. तरीही घरी गळा झपाट्याने सुजला व श्वास कोंडू लागला, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आवाजाचेही तसेच आहे. स्वरतंतूंची नस थायरॉईडला अगदी लागून जाते. ती दुखावल्यास आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दुसरी एक बारीक नस दुखावली, तर बोलणे ठीक राहते, पण वरचे स्वर लागत नाहीत. आपल्या गायकवृंदातील मंडळींना ते प्रथम जाणवेल. नस केवळ ताणली गेली असेल, तर बहुधा काही महिन्यांत सुधारणा होते. तोवर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत.

संपूर्ण ग्रंथी काढली असेल, तर थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर आवश्यक असते. स्वित्झर्लंडचे शस्त्रवैद्य थिओडोर कोखर यांना या शस्त्रक्रियेतील कार्यासाठी १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु संपूर्ण ग्रंथी काढलेले आपले रुग्ण मंद व सुजलेले होतात, हे त्यांनी स्वतःच १८८३ साली जाहीर केले होते. त्या काळी ही गोळी नव्हती. आज आहे, पण ती बंद केल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, आठवड्यांनी दिसतो. ‘बरे वाटते’ म्हणून ती सोडणारे तेथेच फसतात. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी व चहा-न्याहारी अर्ध्या ते एक तासाने करावी. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत कधीही घेऊ नये. दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवावे.